दुसरा शिवदोरा

गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा मी दोऱ्याला दोष दिला. मानेच्या डाव्या बाजूला, सदऱ्याच्या कॉलरच्या जरा वर, बोराएवढी गाठ होती. आम्ही लिंगायत. आमच्या घरात इष्टलिंग चांदीच्या डबीत, डबी शिवदोऱ्यात आणि दोरा गळ्यात असतो. आंघोळ असो, झोप असो, ताप असो, तो अंगावरून उतरत नाही. सकाळी डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, पाण्याचे थेंब सोडायचे, थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसायचं आणि पुन्हा गळ्यात घालायचं. आता इतकी वर्षं दोरा एकाच जागी घासतोय म्हटल्यावर गाठ त्यानंच आली असणार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. सुती दोरा बदलून रेशमी घातला. रेशमानं खाज सुटली म्हणून पुन्हा सुती घातला, पण धुऊन मऊ केलेला. माझी बायको महानंदा म्हणाली, "अहो, दोरे काय बदलून राहिलात? डॉक्टरला दाखवा की." मी तिला गप्प केलं. लातूरला माझं भांड्यांचं दुकान आहे. पितळेच्या घागरीला टिचकी मारली की आवाजावरून मी तिची चीर सांगतो. त्या घमेंडीत मी माझ्या मानेचं निदानही स्वतःच करून टाकलं होतं.

मग अंगावरचे कपडे झोपेत घामानं भिजायला लागले. पँट कमरेवर राहीना. गाठ बोराची लिंबाएवढी झाली आणि तिच्या शेजारी दुसरी आली, तेव्हा कुठे मी दवाखान्याची पायरी चढलो. तुकडा तपासायला गेला आणि नाव कळलं: लिम्फोमा. शरीरभर पसरलेल्या बारीक ग्रंथींचा कॅन्सर, आणि त्यातलाही झपाट्यानं वाढणारा. लातूरलाच केमो सुरू झाली. केस गेले, चव गेली, पण गाठी विरघळल्या. महानंदानं सगळ्या गल्लीत पेढे वाटले. आणि त्या पेढ्यांचं कौतुक संपायच्या आत काखेत पुन्हा गाठ हाताला लागली.

त्या दिवशी सकाळी पूजेला बसलो तेव्हा लिंग तळहातावर घेऊन मी भांडलो. म्हटलं, तू इथंच होतास. माझ्या गळ्यात बसून होतास. तुझ्यापासून दोन बोटांवर गाठ वाढत होती, तुला दिसली नाही? माझं चुकलं असेल, मला कळलं नाही, पण तुला कसं कळलं नाही? पूजा मी सोडली नाही, पण तिच्यातला जीव गेला. नवरा-बायकोचं भांडण झाल्यावर न बोलता ताट वाढतात ना, तसं माझं झालं होतं. बेल वाहायचा, पाणी सोडायचं आणि उठायचं.

पुढच्या इलाजासाठी आम्ही नांदेडला गेलो. तिथल्या एका दवाखान्यातली डॉक्टर वयानं माझ्या लेकीएवढी, हदगावकडची, बोलायला मोकळी. तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. आधीपेक्षा जबर केमो द्यायची, गाठी आटोक्यात आल्या की माझ्याच रक्तातल्या मूळ पेशी यंत्रानं वेगळ्या करून गोठवून ठेवायच्या. मग इतकं कडक औषध द्यायचं की रोगाबरोबर हाडांच्या आतला रक्त तयार करणारा मगजही जळून जाईल. आणि शेवटी ठेवलेल्या पेशी शिरेतून परत सोडायच्या, म्हणजे त्या हाडांत जाऊन पुन्हा रुजतील. "त्या दिवसाला आम्ही इथं नवा जन्म म्हणतो, काका," ती म्हणाली. मला वाटलं, ही बाई डॉक्टर आहे की कीर्तनकार. पण दुसरा रस्ता नव्हता आणि तिनंही तो आहे असं खोटं सांगितलं नाही.

त्या जबर केमोच्या दिवसांत माझ्या शेजारच्या खाटेवर नांदेडचे एक सरदारजी होते. त्यांची दाढी, केस, सगळं गेलेलं. ज्यांनी जन्मात केसाला कात्री लावली नाही त्यांचं हे असं झालेलं बघून मला माझ्या टकलाची लाज वाटली. एकदा धीर करून विचारलं, कसं सोसलंत? ते म्हणाले, "रडलो भाई. लई रडलो. मग बायको म्हणाली, डोकं तर हाय ना? आन् रोज सकाळी ती मला पगडी बांधून देते, पहिल्यासारखी." खरंच, त्यांच्या गुळगुळीत डोक्यावर निळी पगडी रोज ताठ बांधलेली असायची. माझ्या उघड्या डोक्याकडं बघून हसत म्हणायचे, "तुम्हाला पण बांधू का एक?" ते बरे होऊन घरी गेले तेव्हा मी दारापर्यंत त्यांना सोडायला गेलो.

गाठी आटोक्यात आल्या. पेशी काढण्याआधी जी इंजेक्शनं देतात त्यांनी कंबर आणि मांड्या आतून फुटतील असं दुखलं. मग एका हातातून रक्त यंत्रात जायचं आणि दुसऱ्या हातातून परत यायचं, असं बसून राहावं लागलं. पेशी मिळाल्या, गोठवल्या. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच डॉक्टरनं माझ्या गळ्याकडं बोट दाखवलं.

वेगळ्या खोलीत जायचं होतं. तिथं अंगात जंतूंशी लढायला काही उरलेलं नसतं, म्हणून बाहेरची वस्तू आत नेता येत नाही. फुलं नाहीत, फळं नाहीत, भस्म नाही. छातीतून एक नळी वर मानेशी घातलेली असते, तिच्याजवळ दोरा चालत नाही. मी म्हटलं, डबी उकळून घ्या. तिनं डबी हातात न घेताच, लांबून वाकून बघितली, तेही मला बरं वाटलं. चांदी उकळता येईल, ती म्हणाली, पण आतल्या लिंगावर जो काळा लेप असतो तो उकळला तर विरघळून जाईल. ते खरंच होतं. तो लेपच तर लिंगाचं अंग. म्हणजे लिंग बाहेर ठेवून मला आत जायचं होतं. मी म्हटलं, मग मी जात नाही.

हे वाचणाऱ्याला हट्ट वाटेल. महानंदालाही वाटला. पण लिंग गेलं तर मागं जगू नये, असं बोलणाऱ्या माणसांत मी वाढलो. ज्याच्याशी माझं भांडण चालू होतं, बोलणं बंद होतं, त्याला सोडून जायची वेळ आली तेव्हा कळलं की भांडायलाही तो जवळ लागतो. त्या खोलीतून माणूस परत येतोच असं नाही, हे डॉक्टरनं लपवलं नव्हतं. मरण आलं तर ते रिकाम्या गळ्यानं येईल, या एका गोष्टीची मला मरणाहून जास्त भीती वाटत होती. गावाकडच्या आमच्या स्वामींना, म्हणजे मला दीक्षा देणाऱ्या जंगमांना, मी फोन लावला. ते म्हातारे, प्रामाणिक. म्हणाले, "अंगावेगळं करू न्हाई, हे मी तुला सांगितलं व्हतं. आता जीव जातो म्हणून दुसरं कसं सांगू? आन् जा मर म्हणून तरी कसं सांगू? मलाच कळंना झालंय बाबा." डॉक्टरनं मला विचार करायला सोमवारपर्यंतचा वेळ दिला. त्यानंतर थांबलो तर गाठी पुन्हा डोकं वर काढतील, एवढंच ती म्हणाली. महानंदा माझ्याशी बोलायची बंद झाली होती, आणि तिच्या त्या न बोलण्यानं मी आतून पार खचलो.

शनिवारी दुपारी ती औषधं आणायला गेली होती आणि मी खाली फाटकाजवळच्या बाकावर बसलो होतो. तोंडाला मास्क, डोक्याला मफलर. ऊन चांगलंच होतं. एक बाई फाटकातून आत आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला हळूहळू टेकत बसली. दिवस अगदी भरत आलेले. तिनं घाम पुसायला पदर सैल केला तेव्हा माझी नजर तिच्या गळ्याकडं गेली. परक्या बाईकडं असं बघू नये, पण भांडेवाल्याची नजर चकाकीवर जातेच. तिच्या गळ्यात दोन शिवदोरे होते. दोन डब्या. एक वापरून काळवंडलेली आणि एक नवी, लख्ख.

मी विचारलं, "बाई, कुठल्या गावच्या?"

"बिलोलीकडच्या," ती म्हणाली. मग माझी नजर ओळखून तिनं नव्या डबीवर बोट ठेवलं आणि लाजली. "हे माझं न्हाई काका. ह्याचं हाय." तिनं पोटावर हात ठेवला. "ते अजून आलं न्हाई ना, म्हणून मी संभाळून राहिले."

तिनं विचारलं, बाळंतपणाची तपासणी कुठल्या मजल्यावर होते. मी म्हटलं, हा कॅन्सरचा दवाखाना आहे, बायकांचा पलीकडच्या गल्लीत. "अगं बाई, चुकलेच की मी," असं म्हणून ती बाकाला धरून उठली आणि निघून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही. महानंदा पिशवी घेऊन आली तेव्हा मी रडत होतो.

आमच्यात ही रीत आहे. पोटात लेकरू असतं तेव्हा आठव्या महिन्यात स्वामी येतात आणि त्या न जन्मलेल्या जिवाचं लिंग त्याच्या आईच्या गळ्यात बांधतात. मूल जन्मलं की ते त्याचं त्याला बांधायचं. आमच्या लेकीच्या वेळी महानंदाच्या गळ्यातही दोन दोरे होते, मी रोज बघत होतो. एवढी घरातली गोष्ट, पण ती माझ्या किंवा स्वामींच्याही डोक्यात आली नाही. ती आणून द्यायला फाटक चुकलेली एक बाई यावी लागली. तिला कुणी पाठवलं की ती नुसतीच चुकली, हे मी कुणाशी वाद घालून ठरवत बसलो नाही. दुसऱ्या दिवशी महानंदा पलीकडच्या गल्लीत जाऊन विचारून आली. बिलोलीकडच्या बायका तिथं रोजच येतात, असं तिथल्या लोकांनी सांगितलं.

शनिवारीच मी बाकावरून आईला फोन लावला. आई किल्लारीला, भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावात, माझ्या धाकट्या भावाजवळ राहते. माझा आजार परत आल्यापासून तिनं जेवण टाकल्यासारखंच केलं होतं. भाऊ सांगायचा, चतकोर भाकरी मोडते आणि ताट सरकवते, कुणाचं ऐकत नाही. फोनवर आवाजही बारीक झाला होता.

"आई, माझं लिंग आधी तुझ्या गळ्यात होतं ना गं?"

"मग? दुसऱ्या कुणाच्या असंल? दोन दोरे गळ्यात घेऊन ज्वारी काढली मी. कामून इचारलास?"

मी सगळं सांगितलं. मग तिचा आवाज एकदम पहिल्यासारखा खणखणीत आला. "मग त्यात एवढं काय? मी येते की. बांधा माझ्या गळ्यात."

"अगं पण स्वामी म्हणतात, अंगावेगळं करू नये."

"कुणाच्या अंगावेगळं?" आई म्हणाली. "तू कुणाच्या अंगातला हायस?"

रविवारी दुपारी भावानं जीप करून आईला आणलं. सोबत स्वामी होते. तिनं त्यांना घरातून उठवूनच आणलं होतं म्हणे. दवाखान्यासमोर महानंदानं घेतलेल्या भाड्याच्या खोलीत आम्ही बसलो. स्वामी म्हणाले, हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, आणि स्वतःवरच हसले. मी माझ्या हातानं दोरा उतरवला. लिंग शेवटचं तळहातावर घेतलं, भस्म लावलं. भांडण मिटलं असं म्हणणार नाही, पण त्या दिवशी मी त्याच्याकडं नीट बघितलं. मग स्वामींनी दोरा आईच्या गळ्यात बांधला. तिच्या स्वतःच्या डबीशेजारी माझी डबी आली. म्हाताऱ्या आईनं दोन्ही डब्या पदराआड सारल्या आणि सुनेला म्हणाली, "चल, वाढ मला. मी दोन जिवांची हाय आता." महानंदा हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "मीच बांधून घेतलं असतं की, पण हा मान तुमचाच."

सोमवारी मी आत गेलो.

कडक औषधाच्या वेळी तोंडात बर्फाचे खडे धरायला देतात, म्हणजे तोंड कमी सोलतं. माझं सोललंच. गिळलेली लाळही काचेसारखी कापत जायची. ज्या दिवशी पेशी परत दिल्या त्या दिवशी लसणासारखा एक उग्र वास सगळ्या खोलीत भरला. तो पेशी टिकवायच्या औषधाचा असतो. महानंदा दाराबाहेरून म्हणाली, "नवा जन्म म्हणतात आन् वास ठेच्याचा." पिशवी इतकी लहान की माझ्या दुकानातल्या तांब्यातही ती मावली असती. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल, पण एक लालसर थेंब पडला, मग दुसरा पडला, आणि थोड्या वेळात पिशवी संपली.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या. पाण्याचा घोट जाईना. आई समोरच्या भाड्याच्या खोलीत राहात होती, तिला वर सोडत नव्हते. ती रोज महानंदाला विचारायची, "जेवला का?" नाही म्हटलं की म्हणायची, "बरं. मग त्याचं बी मीच खाते." आणि खरंच, जी चतकोर मोडत नव्हती ती बाई भाकरी खायची, वर वरण-भात खायची, नको झालं तरी खायची. जड उचलायची नाही. जिना उतरताना कठडा धरायची. शेजारच्या खोलीतल्या बायकांना सांगायची, मला जपून राहायला पाहिजे. त्या बिचाऱ्यांना वाटायचं, म्हातारीचं डोकं फिरलंय. सकाळी ती दोन्ही लिंगांची पूजा करायची, आधी माझ्या, मग तिच्या. त्या वेळी वर माझ्या बंद खोलीत मी सवयीनं डावा तळहात उघडायचो. त्यावर सुईच्या चिकटपट्टीशिवाय काही नसायचं.

एका दुपारी थंडी वाजून ताप भरला. पलंग हलत होता इतका मी कापत होतो. नर्स धावल्या, डॉक्टर आली, बाटल्यांवर बाटल्या लागल्या. मला वाटलं, हेच ते. हात आपोआप गळ्याकडं गेला आणि तिथं नुसती नळी लागली. क्षणभर जी भीती वाटली ती मी लिहू शकत नाही. देवाचं नाव घ्यायला गेलो तर तेही आठवेना. जन्मभर म्हटलेला मंत्र, आणि तो तोंडात येईना. मग आठवलं की माझं लिंग कुठं आहे. ते समोरच्या खोलीत आहे, आईच्या गळ्यात, आणि आई आत्ता बहुतेक जेवत असेल. पोटातल्या लेकराला कुठला मंत्र येतो? त्याला पूजा येत नाही, देव कोण ते माहीत नसतं, आपण जगणार का तेही माहीत नसतं. त्याचं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात बांधलेलं असतं आणि ते नुसतं पडून असतं. मीही पडून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही करायचा प्रयत्न सोडला. त्या तापातच मला गाढ झोप लागली.

तीन-चार दिवसांनी ताप उतरला. मग एका सकाळी डॉक्टर आत आली आणि मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते. पेशी रुजल्या होत्या. आकडा अगदी किरकोळ होता, पण काल तो नव्हता. पुढं तो रोज वाढत गेला. सोडताना तिनं समजावलं की जुन्या लसींचं बळ या औषधात गेलंय, त्यामुळे काही महिन्यांनी लहान बाळाला देतात त्या लसी मला पुन्हा घ्याव्या लागतील. छातीतली नळी निघाली होती, आणि पूजा झाली की हात स्वच्छ धुवायचे या अटीवर तिनं लिंगाला परवानगी दिली.

समोरच्या खोलीच्या दारात आई उभी होती. तिनं स्वतःच्या गळ्यातला माझा दोरा उतरवला आणि माझ्या गळ्यात बांधला. डबी तिच्या अंगाच्या उबेनं गरम होती. मी विचारलं, "आई, कसं वाटतंय गं?" ती भिंतीला टेकून खाली बसली. "हलकं हलकं," म्हणाली. "बाळंत झाल्यावानी."

त्यानंतर कितीतरी दिवस तिचा हात अधूनमधून गळ्याकडं जायचा, दुसरा दोरा चाचपायचा आणि परत खाली यायचा. आता पुन्हा ती किल्लारीला आहे, भाकरी एकच खाते, पण पूर्ण खाते. माझ्या तपासण्या चालू आहेत. पुढं काय ते मला माहीत नाही आणि पूर्वीसारखं मी ते विचारतही नाही. सकाळी लिंग तळहातावर घेतो तेव्हा भांडण येत नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की मी त्याला सांभाळतोय, गळ्यातून पडू देत नाहीये. ज्या दिवसांत मला बोटही उचलता येत नव्हतं, त्या दिवसांत सांभाळणारं कोण होतं ते मी बघितलंय. त्या बिलोलीच्या बाईचं बाळंतपण सुखरूप झालं असावं, एवढं मात्र रोज मागतो.

दोरा आता मळलाय. आई मिश्री लावते, तिचा वास त्याला बसलाय तो जात नाही. परवा महानंदा म्हणाली, "एका गाठीपायी किती दोरे बदललात तुम्ही, आता हा एवढा विटलाय तर बदला की." मी म्हटलं, राहू दे.